रिमोट चार पावलांवर आला

आमच्या लिफ्टच्या दारापासून माझ्या गाडीपर्यंत ३१ पावलं आहेत. मागच्या वर्षी सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून आमची एक पद्धत पडली होती. लिफ्टमधून बाहेर येता येता मी चावीचं बटण दाबायचं, गाडीचे इंडिकेटर दोनदा लुकलुकले की आईंनी वॉकर पुढे सरकवायचा आणि थेट मागच्या दाराशी जायचं. माझा एक हात त्यांच्या पाठीशी, दुसऱ्या हातात फाइल आणि पाण्याची बाटली. फिजिओथेरपीला आठवड्यातून तीनदा जायचं, त्यामुळे हे सगळं अंगवळणी पडलं होतं.

जुलैच्या सुरुवातीला दिवे लुकलुकायचे थांबले. आधी दोनतीनदा दाबावं लागायचं. मग गाडीच्या अगदी जवळ, चार पावलांवर गेल्याशिवाय लॉक उघडेना. पावसाळ्यात आमच्या पार्किंगची फरशी ओली आणि निसरडी असते. आईंना खांबाजवळ उभं करून मी पुढे धावायचं, दार उघडायचं, परत यायचं. एकदा तेवढ्यात त्यांचा वॉकर सरकला. पडल्या नाहीत, पण त्या दिवशी मी ठरवलं की याचा छडा लावायचाच.

गाडी सात वर्षांची, साधी हॅचबॅक. चावी घडीची, खटका दाबला की पातं बाहेर येतं. साहजिकच पहिला संशय सेलवर. कर्वे रस्त्यावर एका घड्याळवाल्या काकांकडे गेले. त्यांनी चावीच्या कडेच्या खाचेत बारीक स्क्रूड्रायव्हर घालून टक् करून कवच उघडलं आणि आतला सेल दाखवला, सीआर २०३२. या आकड्यांत सेलचं मापच असतं हे मला तेव्हा कळलं. २० म्हणजे २० मिलिमीटर व्यास, ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाडी. काका म्हणाले, "कुणी २०२५ देऊ लागलं तर घेऊ नका ताई. व्होल्ट तेवढेच, पण पातळ असतो, पत्तीला नीट टेकत नाही." सेल ज्या पितळी पत्तीवर बसतो तिच्यावर हिरवट थर धरला होता. तो त्यांनी कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसला. नवा सेल कडेला धरून बसवला, बोटाचं तेल सपाट बाजूला लागू नये म्हणून.

जुना सेल मी पर्समध्ये टाकणार होते. काकांनी तो चिकटपट्टीत गुंडाळून हातात दिला. घरात लहान मूल असेल तर हे करायलाच हवं. असा सेल मुलाच्या अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून गंभीर भाजू शकतं. माझी भाची दीड वर्षाची आहे आणि जमिनीवरचं सगळं तोंडात घालते, म्हणून मुद्दाम लिहिते.

घरी येऊन मोजलं. चारवरून सहा पावलं, एवढाच फरक.

मग कपाटातली दुसरी चावी काढली. तिनेही पाच पावलांवरच काम केलं. मी लगेच निष्कर्ष काढला की दोन्ही चाव्या सारख्याच वागतात, म्हणजे दोष गाडीत. निष्कर्ष पुढे खरा निघाला, पण तपासणी चुकीची होती. ती चावी सात वर्षं कपाटात पडून होती आणि तिच्यातला सेलही सात वर्षांचाच होता. मी मल्टिमीटर लावला तेव्हा २.९ व्होल्ट दाखवले, म्हणून मला तो ठीक वाटला. असे सेल रिकामे होत आले तरी मोकळे मोजल्यावर जवळजवळ पूर्ण व्होल्टेज दाखवतात. काम करायला लावलं की दम सोडतात. त्या सेलला काम पडावं म्हणून २२० ओहमचा रेझिस्टर लावून मोजल्यावर आकडा २.३ वर आला. हे मला नंतर समजलं. त्याआधी मी सर्व्हिस सेंटरला जाऊन आले होते. तिथे कुणी काही न मोजता सांगितलं की चावीचा सिग्नल पकडणाऱ्या रिसीव्हरचं मॉड्यूल बदलावं लागेल, आणि पाच आकडी अंदाजपत्रक हातात ठेवलं. आईंच्या काळजीने मी हो म्हणणारच होते.

दरम्यान एक जुगाड खरंच उपयोगी पडला. चावी हनुवटीखाली टेकवून बटण दाबलं की पल्ला वाढतो. डोक्यात पाणी भरपूर असतं आणि त्याच्या जोडीने चावीतली इवलीशी अँटेना जरा मोठी असल्यासारखी वागते. मला सहाची नऊ पावलं मिळाली.

खरा धागा सापडला तो पावसामुळे. जुलैच्या शेवटी चार दिवस धो धो पाऊस, घरूनच काम, गाडी जागची हलली नाही. सोमवारी सकाळी लिफ्टमधून बाहेर येताना सवयीने बटण दाबलं, आणि दिवे लुकलुकले. ३१ पावलांवरून! मी तिथेच उभी राहून पाच वेळा लॉक-अनलॉक केलं. संध्याकाळी ऑफिसच्या पार्किंगमध्ये पुन्हा सहा पावलं.

हे मी तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या मुलाला सांगितलं. तो इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्याने एकच प्रश्न विचारला, "काकू, गाडीत नवीन काय बसवलंय?"

"काहीच नाही रे. डॅशकॅम आहे, काचेवरचा कॅमेरा, पण तो मार्चपासून आहे. एप्रिल-मेमध्ये रिमोट नीट चालत होता."

"मार्चपासून तसाच जोडलेला आहे?"

तसाच नव्हता. आधी तो सिगरेट लायटरच्या सॉकेटवर होता, गाडी बंद केली की तोही बंद. जूनअखेर कुणीतरी पार्किंगमध्ये बंपर घासून गेलं, म्हणून मी पार्किंग मोडचं किट बसवून घेतलं. त्याची वायर थेट फ्यूज बॉक्समध्ये गेली, गाडी बंद असतानाही कॅमेरा चालू राहावा म्हणून. या किटमध्ये १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर असतो, आणि गाडीची बॅटरी ठरावीक मर्यादेखाली गेली की किट स्वतःहून बंद होतं. चार दिवस गाडी उभी राहिली, बॅटरी उतरली, किट बंद पडलं आणि रिमोट सुरळीत झाला. गाडी सुरू केल्यावर बॅटरी चार्ज झाली, किट जागं झालं आणि पल्ला पुन्हा खाली आला.

त्याने माझ्या शब्दावर विश्वास ठेवला नाही, आणि ते बरोबरच होतं. दोन्ही चाव्यांत नवे सेल टाकले. फरशीवर खडूने पावलांच्या खुणा केल्या. दर खेपेला तीनदा दाबायचं. फ्यूज लावलेला असताना ६, ५, ६. मग फ्यूज बॉक्सच्या झाकणातल्या प्लास्टिकच्या चिमट्याने किटचा फ्यूज उपटला. ३१ तर आलेच, पण उतार चढून गेटपर्यंत, ३८ पावलांवरूनही गाडीने ऐकलं. परत लावला, परत सहा. दुसरी चावीही तंतोतंत तशीच वागली.

मग तो वरून लॅपटॉप आणि पेनड्राइव्हएवढं एक यंत्र घेऊन आला. त्याला आरटीएल-एसडीआर म्हणतात, आत टीव्ही ट्यूनरची चिप असते आणि हवेतले रेडिओ सिग्नल पडद्यावर दिसतात. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांचे रिमोट ४३३.९२ मेगाहर्ट्झवर बोलतात, म्हणून त्याने तोच पट्टा उघडला. फ्यूज काढलेला असताना पडदा गडद निळा होता. मी बटण दाबलं की मधोमध पिवळी, सुरीच्या धारेसारखी रेघ उमटायची. फ्यूज लावला आणि अख्ख्या पट्ट्यावर हिरवट धुकं पसरलं, त्यात सारख्या अंतरावर कंगव्याच्या दातांसारख्या रेघा. मी एकेक पाऊल मागे जात बटण दाबत राहिले. सहाव्या पावलापर्यंत पिवळी रेघ ओळखू येत होती. पंधराव्याला ती धुक्यात विरघळली होती.

त्याने समजावलं ते असं. कन्व्हर्टर वीज सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद करतो. स्वस्त किटमध्ये त्याची खरखर गाळायला पुरेसे भाग नसतात, आणि काचेच्या कडेने वर गेलेली लांब वायर तिचीच अँटेना होते. चावीची ताकद नाममात्र, गाडीतला रिसीव्हर मात्र अगदी कुजबुजही ऐकणारा. वरातीच्या बँडशेजारी उभं राहून कुणाचं बोलणं ऐकायचं, तशी त्याची अवस्था झाली होती. चावीचं बोलणं तेवढंच होतं, शेजारचा गोंगाट वाढला होता. आपण मात्र चावीच बदलत बसतो.

आणखी एक भीती मनात होती, सेल पूर्ण संपला तर आईंना घेऊन बाहेर कुठेतरी अडकले तर? तसं होत नाही. दार पात्याने उघडतं, आणि गाडी सुरू करायला लागणारी इमोबिलायझरची चिप वेगळी असते. तिला सेल लागत नाही, इग्निशनभोवतीच्या वेटोळ्यातून तिला तेवढ्यापुरती वीज मिळते. बटणाने सुरू होणाऱ्या गाड्यांतही चावीच्या आत छोटं पातं असतं आणि चावी ठरलेल्या जागी टेकवून गाडी सुरू करता येते. ती जागा मॅन्युअलमध्ये आजच बघून ठेवावी.

पुढच्या शनिवारी आम्ही बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेलो. वायरवर खटक्याने बसणाऱ्या आणि तिच्यातली खरखर अडवणाऱ्या फेराइटच्या दोन क्लिपा घेतल्या. एक कन्व्हर्टरला अगदी लागून लावली, वायरचे दोन वेढे तिच्यातून काढून. पल्ला १४ पावलांवर गेला. बरं वाटलं, पण मला तेवढ्यावर थांबायचं नव्हतं. शेवटी किटच बदललं, फिल्टर असलेलं घेतलं, आणि वायर डॅशबोर्डमागच्या रिसीव्हरपासून लांब, दुसऱ्या बाजूने फिरवून घेतली. सगळा खर्च त्या अंदाजपत्रकाच्या दहाव्या हिश्श्यातच बसला.

आता २९ पावलं मिळतात. लिफ्टच्या दारातून दोन पावलं पुढे यावं लागतं. काल आईंना घेऊन निघाले, बाहेर पाऊस होताच. दोन पावलं झाल्यावर मी बटण दाबलं. त्या गाडीकडेच बघत थांबल्या होत्या.

"लागले गं दिवे," म्हणाल्या, आणि वॉकर पुढे सरकवला.