एकच प्रिंटर

गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्लीत आमचं दुकान आहे. बोर्डावर अजूनही ‘झेरॉक्स, टायपिंग, ऑनलाइन फॉर्म’ एवढंच लिहिलेलं आहे. बोर्ड बदला असं दुकानातल्या पोरी दरवर्षी सांगतात आणि मी दरवर्षी पुढच्या हंगामावर ढकलतो. खरं काम आता वेगळंच आहे. आम्ही ग्रामसभांचे हिशेब लिहितो.

याचं मूळ फळीवर, म्हणजे तेंदूची पानं मोजून घेतात त्या जागेवर आहे. मी आश्रमशाळेत सहावीत होतो. मे महिन्यात सुटीवर घरी आलो की आईबरोबर पहाटे तेंदू, म्हणजे विडीची पानं, तोडायला जायचो. सत्तर पानांचं एक पुडकं. आई मोजताना तोंडाने आकडा म्हणत नसे. बोटांनी पाच-पाच पानं सरकवायची आणि पुडकं सोडून मोजलं तर सत्तरच भरायचं. एका संध्याकाळी आमची २१२ पुडकी झाली. ठेकेदाराच्या मुन्शीने कार्डावर २०५ लिहिली. मी मोठ्याने वाचून दाखवलं. त्याने मान वर न करता सांगितलं, “वरची सात खराब होती.” आईने मला हाताला धरून ओढत नेलं. वाटेत एक शब्द बोलली नाही. घरी आल्यावर ते कार्ड मात्र माझ्याकडे दिलं आणि म्हणाली, “आता रोज तूच वाचत जा.”

बी.कॉम. झाल्यावर २०१२ मध्ये दुकान टाकलं. आईच्या बचत गटाचं वीस हजारांचं कर्ज, एक जुना कॉम्प्युटर, एक प्रिंटर. लाइट दोन-दोन दिवस नसायची. पहिली तीन वर्षं जातीच्या दाखल्यांवर आणि भरतीच्या फॉर्मवर निघाली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

वारं बदललं ते कायद्याने. आदिवासी भागात ग्रामसभेला अधिकार देणारा पेसा कायदा १९९६ चा, पण महाराष्ट्राने त्याचे नियम केले ते मार्च २०१४ मध्ये. वनहक्क कायदा २००६ चा. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्याच हातात आलं. ‘मावा नाटे मावा राज’ (आमच्या गावात आमचं राज) ही त्यांची घोषणा आमच्याकडे आधीपासून ठाऊक होती, पण परवान्याचं पुस्तक आल्यावर लोकांना ती खरी वाटली. तेंदूलाही दोन पर्याय आले. पहिल्यात वनविभागाने विकायचं, दुसऱ्यात ग्रामसभेने स्वतः लिलाव करायचा. गावं धडाधड दुसऱ्या पर्यायावर आली. ठेकेदाराशी करार, मजुरी वेगळी, रॉयल्टी वेगळी, बँकेत ग्रामसभेचं खातं. आणि मग कागद सुरू झाले.

२०१५ मध्ये पहिली ग्रामसभा आली. चाळीसेक घरांचं गाव. अध्यक्ष आणि सचिव सायकलवर आले होते, करारनामा खताच्या पिशवीत. पॅन काढला, टॅन (कर गोळा करून भरणाऱ्याचा नंबर) काढला, रजिस्टर आखून दिलं. मीच शहाणा या थाटात होतो. तेंदूची पानं विकणाऱ्याने खरेदीदाराकडून टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा करायचा आयकर, घ्यायचा आणि सरकारात भरायचा, तेव्हा ५ टक्के, हे मला माहीत होतं. ठेकेदाराकडून तो घेतला, भरलाही. पण दर तिमाहीला २७ ईक्यू नावाचं विवरणपत्रही द्यावं लागायचं, ते मी भरलंच नाही. उशिराचा दंड दिवसाला २०० रुपये. नोटीस गावाच्या नावाने आली.

मला ग्रामसभेत बोलावलं. मोहाच्या झाडाखाली सगळे बसले होते, बाया पुढे. कोणी आवाज चढवला नाही. मी आमच्या माडिया बोलीत समजावायला लागलो, तर ‘विवरणपत्र’ला शब्दच सापडेना. शेवटी एका म्हाताऱ्या बाईने विचारलं, “पैसे भरले होते ना? मग दंड कशाचा?” मी म्हणालो, “आत्या, पैसे भरले हे सांगायचं राहिलं, त्याचा.” ती हसायला लागली, मग सगळेच हसले. ठराव झाला: अर्धा दंड ग्रामसभेने, अर्धा मी, चार हप्त्यांत. तो ठराव मलाच टाइप करावा लागला. ते गाव आजही आमच्याकडेच आहे.

तेव्हापासून आमचे दोन नियम. प्रत्येक नोंद गावात जाऊन वाचून दाखवायची. आणि आमची फी हंगामाला ठरलेली, टक्केवारीत नाही. टक्केवारी हा शब्दच इकडे बदनाम आहे.

२०१७ च्या जुलैत जीएसटी आला, तेंदूच्या पानावर १८ टक्के. तो बोजा कोणी उचलायचा यावर ठेकेदारांशी बरीच घासाघीस झाली. आमचं काम वाढलं, गावांचा भाव पडला. त्या वर्षाचा मला आनंद नाही.

आता खाणीचं. सुरजागडचा डोंगर आमच्याच तालुक्यात. जानेवारीत तिथे ठाकूरदेवाची जत्रा भरते. त्याच डोंगरावर ३४८ हेक्टरचा लोहखनिजाचा पट्टा आहे. २०१६ मध्ये काम सुरू झालं, डिसेंबरात माओवाद्यांनी सत्तरहून जास्त गाड्या जाळल्या, मग थांबलं, आणि २०२१ पासून जोरात आहे. पहिल्यांदा एवढे ट्रक रांगेने गेले तेव्हा दुकानातल्या काचेवर लाल धूळ बसली. प्रिंटरचा रोलर दर आठवड्याला पुसावा लागतो.

लोक विचारतात, तुम्ही खाणीच्या बाजूचे की विरोधातले? आमच्या टेबलावर बघा. सकाळी एक पोरगा येतो. टिपर घ्यायचाय, खाणीवर लावायचाय. त्याला जीएसटी नंबर, कर्जाचे कागद, मजुरांच्या पीएफची नोंदणी पाहिजे. दुपारी त्याच भागातली ग्रामसभा येते, तिला खाणीच्या विस्ताराला हरकतीचा ठराव टाइप करायचाय. एकदा तर पोरगा आणि ठरावावर सही करणारा त्याचा काका एकाच बाकावर बसले होते. काकांनी विचारलं, “हप्ता किती?” पोराने आकडा सांगितला. काका बराच वेळ गप्प. मग म्हणाले, “गाडी बंद पडली तर डोंगर हप्ता भरणार नाही.” दोघांचे कागद मी त्याच प्रिंटरवर काढले. टिपरवाल्यांना मी एकच सांगतो: काम बंद राहिलं तर हप्ता कुठून भरशील, ते आधी याच कागदामागे लिही. काही जण लिहितात.

कायद्याची गंमत अशी की ओढ्यातली रेती आणि मुरूम, म्हणजे गौण खनिज, यांच्या पट्ट्याला पेसात ग्रामसभेची शिफारस लागते. लोखंड मुख्य खनिज, ते त्यात बसत नाही. वनजमीन द्यायची तर ग्रामसभेची संमती हवी असं ऑगस्ट २००९ च्या परिपत्रकात होतं, पण २०२२ च्या वनसंवर्धन नियमांत केंद्राच्या मंजुरीआधीची ती अट काढून टाकली गेली. खाणीचं ग्रामसभांपुढे ठेवा असं सांगणारा, ओडिशातल्या नियमगिरी डोंगराचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल एप्रिल २०१३ चा. त्यानंतर तिथल्या बाराही ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नाही म्हटलं. त्या निकालाच्या झेरॉक्स माझ्या मशिनवर इतक्या निघाल्या की काही परिच्छेद मला पाठ आहेत. आमच्या खाणीच्या विस्ताराची जनसुनावणी ऑक्टोबर २०२२ मध्ये झाली ती गडचिरोलीला. इथून जाऊन यायचं म्हणजे माणसाचा आख्खा दिवस आणि दिवसाची मजुरी.

खाणीच्या पैशातून गावाला काय? जिल्हा खनिज प्रतिष्ठान २०१५ च्या दुरुस्तीने आलं. जुन्या पट्ट्यांवर रॉयल्टीच्या ३० टक्के रक्कम त्यात जमा होते. पण तो पैसा कुठे लावायचा हे जिल्ह्याला ठरतं. तेंदूचा पैसा मात्र झाडाखाली ठरतो. माझ्या मते फरक नोकऱ्यांच्या आकड्यात नाही, इथेच आहे. आमच्या एका ग्रामसभेने रॉयल्टीतून बायांसाठी धान कांडायची गिरणी घेतली. तिच्या पावतीवर सगळ्या घरांचे अंगठे आहेत. तसा कागद खाणीच्या पैशाचा माझ्याकडे अजून आलेला नाही.

एक काम आम्ही परत पाठवलं. एक गृहस्थ आले, गाडीतून. ग्रामसभेचा ठराव टाइप करून हवा होता, तारखेची आणि हजेरीची जागा कोरी ठेवून. दर आमच्या तिप्पट. वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मे सदस्य हजर लागतात आणि हजर असणाऱ्यांत एक-तृतीयांश बाया, तर कोरी जागा कोण भरणार, असं विचारलं. ते चहा अर्धा टाकून गेले. त्यानंतर वर्षभर तिकडून येणारी बाकीची कामंही बंद झाली. एक पोरगी कमी करावी लागली असती, मी माझा पगार थांबवला.

आज आम्ही पाच जण आहोत, तिघी मुली. त्यातली एक माडियात रजिस्टर असं वाचते की म्हातारेही मध्येच थांबवून आकडा तपासतात. गेल्या मे महिन्यात एका बाईने तिला थांबवलं, “माझी एकवीस शेकडे, तू वीस वाचलीस.” कार्ड काढलं, बाई बरोबर होती. टाइप करताना आमच्याकडूनच चुकलं होतं. दुरुस्त पान हातात पडेपर्यंत बाई जागेवरून उठली नाही, आणि मिळाल्यावर ते उलटं-सुलटं बघून पदरात बांधून घेतलं.

तेंदूच्या हंगामात दुकान रात्री दहापर्यंत उघडं असतं. ठाकूरदेवाच्या जत्रेला बंद.