स्टीव्हनसनची वही: म्युनिक झालं, मॉन्ट्रियल झालं

तेओफिलो स्टीव्हनसनच्या ऑलिंपिक लढतींची वही मॉन्ट्रियलपर्यंत भरली. तीन ऑलिंपिक मिळून क्यूबाचा हा हेवीवेट बॉक्सर रिंगमध्ये अकरा लढती खेळला आणि सगळ्या जिंकला. त्यातल्या नऊ तिसरी फेरी पूर्ण व्हायच्या आतच संपल्या. बारावा विजय १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकच्या फायनलचा. रुमानियाचा इऑन अलेक्से अंगठ्याच्या दुखापतीमुळे उतरलाच नाही, म्हणून पहिल्या सुवर्णपदकाच्या पानावर माझ्याकडे जेमतेम एक ओळ आहे.

नोंदींची पद्धत मध्येच बदलावी लागली. आधी मी फक्त उजव्या हाताचे ठोसे मोजत होतो, कारण सगळे त्याबद्दलच बोलतात. म्युनिकच्या क्वार्टर फायनलला माझा हिशेब जुळेना. समोर अमेरिकेचा ड्वेन बॉबिक होता. आदल्याच वर्षी कोलंबियातल्या काली शहरातल्या पॅन अमेरिकन स्पर्धेत त्याने स्टीव्हनसनला हरवलं होतं. पहिली फेरी आवाज बंद करून निम्म्या वेगाने पाहिली, मग परत पाहिली. बॉबिक डोकं खाली घालून आत शिरायला बघतो, आणि दर वेळी स्टीव्हनसनचा लांब डावा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा, मधे येतो. जॅब बसला की बॉबिकचं पुढचं पाऊल थबकतं. स्टीव्हनसनचा उजवा हात तेव्हा हनुवटीपाशी शांतपणे वाट बघत असतो. दुसऱ्या फेरीत बॉबिक जिद्दीने आत घुसतो आणि माझ्या पानावर ती फेरी त्याचीच आहे. तिसऱ्या फेरीत मात्र तो पडतो, उठतो, पुन्हा पडतो, आणि रेफ्री लढत थांबवतो.

तेव्हापासून डाव्याचा रकाना उजव्याच्या आधी आखलाय. आधीची पानंही नव्याने लिहून काढली. काम दुप्पट झालं, पण आता पानं वाचायला मजा येते.

मॉन्ट्रियल, १९७६. सेमीफायनलला जॉन टेट पहिल्याच फेरीत नॉकआउट. हाच टेट पुढे १९७९ मध्ये व्यावसायिक जगज्जेता झाला, हे लक्षात ठेवून ती लढत बघा. फायनलला मिर्चा सिमॉन दोन फेऱ्या नुसता लांब लांब राहिला. त्या दोन फेऱ्यांची माझी पानं जवळपास कोरी आहेत आणि मला त्या फार आवडतात: स्टीव्हनसन घाई करत नाही, सिमॉनला रिंगमध्ये फिरायला असलेली जागा हळूहळू लहान करत नेतो. तिसऱ्या फेरीत ठोसे बसले आणि सिमॉनच्या कोपऱ्यातून टॉवेल आला, म्हणजे त्याच्या माणसांनी हार मानली.

आता मॉस्को, १९८०. तिथे हंगेरीचा इश्तवान लेवाई सेमीफायनलला तिन्ही फेऱ्या उभा राहिला. ऑलिंपिकमध्ये स्टीव्हनसनसमोर हे जमलेला तो पहिलाच. फायनलला प्योत्र झाएवही शेवटपर्यंत टिकला, पंचांचा निकाल ४-१. जॅब मंदावला होता की हे दोघे त्याच्या टप्प्याबाहेर राहायला शिकले होते, तेच मला डाव्याच्या रकान्यात शोधायचंय.

मॉस्कोनंतर ऑलिंपिकबाहेरच्या पराभवांची पानं घेणार आहे. सोव्हिएत इगोर व्हिसोत्स्कीने त्याला दोनदा हरवलं, १९७६ मध्ये तर नॉकआउट करून. १९८२ च्या जागतिक स्पर्धेत फ्रान्चेस्को दामियानीने हरवलं. व्हिसोत्स्कीसाठी तिसरा रकाना आखून ठेवलाय: जॅब चुकवल्यावर तो कोणत्या बाजूने आत आला.