पिवळी काच

इंडोमेथासिन या वेदनाशामक औषधाची पांढरी स्फटिक पूड १६० अंशांच्या थोडी वर वितळवून झटकन थंड केली की पिवळी काच हाती येते. रेणू तेच, फक्त त्यांची शिस्त मोडलेली. पाण्यात ही स्फटिकापेक्षा लवकर विरघळते, म्हणून तर तिचा एवढा सोस. पण संधी मिळाली की ती पुन्हा स्फटिक व्हायला टपलेलीच असते.

क्ष-किरणांना विचारावं तर नुसता एक पसरट उंचवटा. घन-अवस्था एनएमआर, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या घन नमुन्यातल्या अणुकेंद्रकांचे संकेत टिपणारं तंत्र, मात्र बोलतं. स्फटिकाच्या कार्बन-१३ वर्णपटात रेषा सुईसारख्या. काचेत त्याच फुगतात. मी आधी कार्बोक्सिल, म्हणजे रेणूतल्या आम्लगटाच्या, कार्बनची रेषा बघते. गॅमा या नेहमीच्या स्फटिकरूपात दोन-दोन रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून बसतात; काचेत काही जोड्या टिकतात, काही सुटतात, आणि हे सगळं त्या फुगीर रेषेच्या खांद्यांवर दिसतं.

वैताग आहे तो रोटरचा. नमुना भरलेली झिर्कोनिया सिरॅमिकची ती चिमुकली नळी चुंबकीय क्षेत्राशी ५४.७ अंशांत कलती ठेवून सेकंदाला हजारो फेरे फिरवायची, तेव्हा कुठे रेषा बारीक होतात. घर्षणाने नमुना तापतो, आणि या काचेचं संक्रमण तापमान, ज्याच्या वर ती मऊ पडते, जेमतेम ४२ अंश! म्हणून थंड वायू सोडूनच फिरवते, आणि मोजणी संपली की पहिला वर्णपट पुन्हा घेऊन ताडून बघते.