टपालात टाकलेली नोटीस

जर्मनीतलं भाड्याचं घर सोडायची नोटीस मी ऑक्टोबरअखेर पाठवली. तीन आठवड्यांनी दारव्हा तालुक्यातल्या आमच्या घराच्या स्लॅबवर, जिथं मोबाईलला रेंज येते तिथं उभा राहून, तीच नोटीस मी परत मागत होतो.

सीतादही, म्हणजे कापूस वेचायच्या आधीची पूजा, होऊन वेचणी लागली आणि बाबा वावराच्या धुऱ्यावरून, बांधावरून पडले. मांडीचं हाड मोडलं. मी ठरवलं, आता कायमचं गावी जायचं. तिकडं भाडेकरूला तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, तीही कागदावर सही करून. ईमेल चालत नाही. महिन्याच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत ती मालकाला पोचली तरच तो महिना धरतात. म्हणून घाईनं पाठवली. ३१ जानेवारीला घर सुटणार होतं.

गावी आलो तर बाबा वॉकर धरून ओसरीत चार पावलं टाकत होते. मी राहतो म्हटल्यावर थांबले. "तू इथं येऊन काय करशीन? वावर मक्त्यानं देल्लं म्या." मला न विचारता दिलं होतं. आई चुलीपाशी गप्प बसून होती. पोरीची शाळा मधेच सोडवू नको, एवढंच रात्री म्हणाली.

आमच्याकडं सालदार पाडव्याला "यंदा नाही राहत" म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बैल सोडायला येतो. कुणी काही विचारत नाही. तिथं तसं नाही. माघारीचा कागद नोटिशीच्या आधी किंवा तिच्यासोबतच पोचला तरच चालतो, असं जर्मन नागरी संहितेचं कलम १३० सांगतं. एकदा पोचली की मालकाच्या संमतीशिवाय काही होत नाही. मला हे ठाऊक नव्हतं, आणि त्या रात्री मी फार घाबरलो.

घरमालकीणबाई सत्तरीच्या. दोन कुटुंबं घर बघून गेली होती, पण करार झाला नव्हता. फोनवर मी सगळं सांगितलं. पलीकडं बराच वेळ शांतता. मग त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "वडील चालतात का?"

डिसेंबरात परतलो. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर एक पान लिहिलं: नोटीस उभयतांच्या संमतीनं रद्द, जुना करार त्याच भाड्यात पुढं चालू. दोघांनी सह्या केल्या. आईनं दिलेली तुरीची डाळ मी त्यांच्यासाठी नेली होती. ती कशी शिजवायची, हे त्यांनी त्याच कागदाच्या दुसऱ्या प्रतीमागं लिहून घेतलं.