गुलमर्ग, आणि दुसरी ऑल-माउंटन स्कीची जोडी घ्यायची की नाही (बडोद्याहून जाणाऱ्यांसाठी)

आधी निकाल सांगतो. तुमच्याकडे पायाखाली ८०-९० मिमी रुंद स्कीची जोडी असेल तर तसलीच दुसरी अजिबात घेऊ नका. "ऑल-माउंटन आहे, डोंगरावर कुठेही चालते" असं सांगून मला माझी ८४ मिमीची विकली, आणि गोंडोलाच्या (केबल कारच्या) फेज टूच्या, म्हणजे दुसऱ्या टप्प्याच्या वर तिचे काय हाल होतात ते विकणाऱ्याने सांगितलं नाही की ग्रुपमधल्या अनुभवी लोकांनीही नाही.

कोंगडोरीच्या (पहिला टप्पा संपतो तिथल्या) आसपास दाबून सपाट केलेल्या उतारावर ८४ मस्त चालते, त्याबद्दल तक्रारच नाही. पण फेज टूने अफरवटला साधारण ३९५० मीटरवर उतरलात की तिथे मशीन फिरवलेलं काही नाही, जसा पडला तसाच बर्फ. ताज्या बर्फात टोकं सारखी आत जातात, मग माणूस मागे रेलतो आणि दहा वळणांत मांड्या भरून येतात. त्याहून वाईट म्हणजे मधला ऊन खाल्लेला पट्टा. वर पापडासारखा कडक थर, खाली भुसभुशीत, स्की थर फोडून आत घुसते आणि मग वळतच नाही, मी तिथे आडवा घसरत, थांबत, शिव्या देत उतरलो आणि गुडघा अजून बोलतोय.

दुसऱ्या दिवशी भाड्याने १०४ची घेतली, त्याच पट्ट्यावरून गेलो आणि अक्षरशः ओरडलो आनंदाने! तरंगते हो ती. त्यामुळे दरवर्षी काश्मीरला जाणार असाल तर दुसरी जोडी १००-१०६ची घ्या, दोन-तीन वर्षांतून एकदा जाणार असाल तर भाड्यानेच घ्या. मात्र भाड्याची उचलून लगेच निघू नका. स्कीच्या धातूच्या कडांवरून नख फिरवा, नख खरवडलं जात नसेल तर कड बोथट आहे, दुसरी मागा. तुमचे बूट ग्रिपवॉक सोलचे (चालायला सोप्या, रबरी तळाचे) असतील तर बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड, त्याला चालणारं आहे का विचारा, नाहीतर पडल्यावर ते सुटेल याची खात्री नाही. डिन सेटिंग (किती जोर आला की बाइंडिंग सुटेल ते) वजन-उंची-सोलची लांबी सांगून समोर उभं राहून करून घ्या, माझ्या हातात आधीच्या गिऱ्हाइकाचंच सेटिंग दिलं होतं.

आता तंगमर्ग. श्रीनगरहून ठरवलेली गाडी तिथे थांबते, गुलमर्गपर्यंतच्या पुढच्या १३ किमीला चेनवाली (चाकांना साखळ्या लावलेली) गाडी घ्या म्हणतात. ताजा बर्फ असेल तर चेन लागतेच, मान्य, पण रस्ता काळा दिसत होता तरी पूर्ण गाडीचे पैसे घेतले आणि वर टपावरच्या स्की बॅगचे वेगळे! श्रीनगरलाच "थेट हॉटेलच्या दारापर्यंत, चेन आणि स्कीसकट" असं बोलून, व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. दोन जोड्या नेल्यात तर इथे दुप्पट लुटतील.

विमानाचंही तेच. रुंद जोडी बाइंडिंगसकट पाच-सहा किलो, बूट चारच्या आसपास, आणि डोमेस्टिकला साधारण १५ किलो मिळतात, म्हणजे दुसरी जोडी घेतली की कपड्यांसकट जादा वजन ठरलेलंच. वेळ असेल तर बडोद्याहून स्वराज एक्सप्रेसने कटरा आणि तिथून श्रीनगरची वंदे भारत, जून २०२५ पासून ती सोय झालीये. स्लीपरमध्ये माझी बॅग खालच्या बर्थखाली लांबीने गेली.

फेज टूच्या वर हद्दीबाहेर जाणार असाल तर बीकन (बर्फाखाली गाडलेला माणूस शोधायचं सिग्नल यंत्र), प्रोब (बर्फात खुपसायची लांब काठी), फावडं आणि स्थानिक गाइड हवाच. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथे हिमस्खलनात एक रशियन स्कीअर गेला. मोठ्या बर्फानंतर फेज टू बंद ठेवतात, तेव्हा हट्ट करू नका, तोच दिवस ८४ चालवायचा.

आणि दुसरी जोडी घेतलीच तर आपल्या पावसाळ्याचं काय करणार ते आधी ठरवा. माझ्या कडांना जुलैत माळ्यावर तांबेरा आला. कोरडी पुसून, तळाला आणि कडांवर जाड वॅक्स ओतून, न खरवडता ठेवा, खरवडायचं ते डिसेंबरात.