सव्वापाच तासांत न्यूयॉर्क

तिकिटाचा कागद चष्म्याजवळ धरून काका म्हणाले, "बारा डिसेंबर, मुंबईहून रात्री दीडला निघणार. न्यूयॉर्कला बारालाच सकाळी पावणेसात. सव्वापाच तासांत? अगं, आम्हाला रत्नागिरीला जायला याहून जास्त लागतात!"

टिळक रोडवरच्या आमच्या ऑफिसात हा प्रश्न नवा नाही. दोन्ही वेळा त्या त्या गावच्या. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागे, म्हणजे विमानात बसायचं पावणेसोळा तास. अंतर साधारण साडेबारा हजार किलोमीटर.

काका बँकेतून निवृत्त झालेले कॅशियर. "विमान ताशी नऊशेनं जातं ना? मग चौदा तास पुरे."

"जाताना वारा समोरून असतो काका. शिवाय काही देशांच्या आकाशातून जाता येत नाही, वळसा पडतो. येताना वारा पाठीशी."

येताना न्यूयॉर्कहून सकाळी साडेअकराला निघून मुंबईत दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबारा, म्हणजे कागदावर पंचवीस तास. काकांनी पाकिटाच्या मागे बेरीज मांडली. सव्वापाच अधिक पंचवीस, सव्वातीस. निम्मे केले, पंधरा तास साडेसात मिनिटं. "ही एका फेरीची सरासरी. जाताना घड्याळानं खाल्लेले साडेदहा तास येताना परत दिले, हिशोब चुकता." इतकी वर्षं तिकिटं काढतेय, मला हे सुचलं नव्हतं.

त्या कौतुकाच्या भरात, एरवी प्रत्येकाला बजावते ते एक वाक्य राहिलं.

अकरा तारखेला दुपारी चारला काकूंचा फोन. "अगं, चकल्या हातातल्या बॅगेत चालतील ना? उद्या संध्याकाळी निघतोय."

माझ्या पोटात गोळाच आला. बाराचे रात्री दीड म्हणजे आज रात्री! विमानतळावर साडेदहाला तरी पोचायला हवं, आणि पुण्याहून मुंबई विमानतळ दीडशे किलोमीटर, त्यात घाटात ट्रॅफिक लागला तर देवच वाली. स्कूटर काढली आणि वाटेतच सिग्नलला थांबून ओळखीच्या गाडीवाल्याला फोन लावला.

पोचले तर दोन्ही सुटकेसा पलंगावर उघड्या, शेजारी वजनकाटा आणि मेतकुटाची पिशवी. काका केस कापायला गेलेले. शेजारचा मुलगा त्यांना अर्ध्या कटिंगवरून उठवून घेऊन आला, डावीकडचे कल्ले तसेच. मी कपडे कोंबत होते, काकू गोळ्या मोजत होत्या. गाडी सुरू झाल्यावर काकू किंचाळल्या, "इन्सुलिन!" ते फ्रीजच्या दारातच होतं. मीच धावत जाऊन आणलं.

पावणेसहाला गाडी हलली. काका एक अक्षर बोलले नाहीत. रात्री अकराला काकूंचा मेसेज आला, बॅगा गेल्या. तेव्हा कुठे मी जेवले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सव्वापाचला ऑफिसात फोन वाजला. मागे कुठलीशी इंग्रजी घोषणा आणि काकांचा खणखणीत आवाज.

"उतरलो गं. इथं सकाळचे पावणेसात, तारीख बारा. सव्वापाच तासच लागले की नाही?"