थर्टी की थर्टीन?

"सर, तुमचं इंग्रजी फॉरेनरला लगेच कसं काय समजतं? कोणता क्लास लावला होता?"

वेरूळला गाईड म्हणून उभा राहतो त्याला 22 वर्षं झाली. खुलताबाद-कन्नडकडची कॉलेजची पोरं, हॉटेलात नव्यानं कामाला लागलेले, कंपनीच्या मुलाखतीला निघालेले, सगळे हेच विचारतात. पुढचा ग्रुप आलेला असतो, म्हणून घाईत काहीतरी सांगतो आणि उत्तर अर्धंच राहतं. आज तुम्ही विचारलंत म्हणून सवडीनं लिहितोय.

क्लास लावला नव्हता. जिल्हा परिषदेची शाळा, इंग्रजी पाचवीपासून. गुरुजी धडा वाचायचे आणि मराठीत अर्थ सांगायचे. त्यातून व्याकरण पक्कं झालं, ते आजही कामाला येतं. गाईडचा परवाना मिळाला तेव्हा वेरूळची 34 लेणी इंग्रजीत तोंडपाठ होती: 1 ते 12 बौद्ध, 13 ते 29 हिंदू, 30 ते 34 जैन. कुठंही न अडखळता बोलायचो. पाहुणे मान डोलवायचे. मी समजायचो, कळतंय त्यांना.

पहिल्याच उन्हाळ्यात एक जपानी जोडपं आलं, दोघंही सत्तरीच्या पुढचे. कैलास, म्हणजे 16 नंबरचं लेणं, त्यांना निवांत बघायचं होतं. मी म्हणालो, चार वाजता 'केव्ह थर्टी'ला भेटू. तिथं छोटा कैलास आहे, जैन लेणं. पार उत्तरेच्या टोकाला. मी पुढं जाऊन थांबलो. चार वाजले, साडेचार झाले, कोणी येईना. शेवटी शोधत मागं आलो तर दोघं 13 नंबरच्या लेण्यात बसलेले. कैलासच्या दुसऱ्या बाजूला, एका रिकाम्या दगडी खोलीत. बाटलीतलं पाणी संपलेलं. बाईंचा चेहरा उन्हानं लाल झाला होता. मला पाहून त्या उठल्या आणि त्यांनीच माझी माफी मागितली, आपल्याला इंग्रजी नीट येत नाही म्हणून. ती माफी मला अजून सहन होत नाही. चूक त्यांच्या कानाची नव्हती, माझ्या जिभेची होती.

त्या रात्री अंगणात 'थर्टी', 'थर्टीन' म्हणत बसलो होतो. आई म्हणाली, "काहून एकच आकडा घोकायलास रे?" आणि तेव्हा लक्षात आलं. तिला तो एकच आकडा ऐकू येत होता.

आपण मराठीत शेवटची ई लांबवतो. पाणी, भाकरी, थर्टी. 'टी' अशी लांबली की परक्या कानाला ती 'टीन' वाटते, कारण शेवटचा न आपण जेमतेम उच्चारतो. इंग्रजीत थर्टीचा सगळा जोर 'थर'वर पडतो आणि 'टि' तोंडातल्या तोंडात संपते. थर्टीनमध्ये जोर 'टीन'वर. फिफ्टी-फिफ्टीन, सिक्स्टी-सिक्स्टीन, सगळ्यांचं हेच. आता मी आकडा सांगून वर 'थ्री झीरो' असंही म्हणतो.

मग हा जोर प्रत्येक शब्दात शोधत सुटलो. मराठीत आपण प्रत्येक अक्षराला त्याचा वाटा देतो. इंग्रजीत एका अक्षराला ताटभर आणि बाकीच्यांना चिमूटभर. 'फ्लॅश फोटोग्राफी नको' हे अजिंठ्याला दर लेण्यात सांगावं लागतं. मी 'फोटो'वर जोर द्यायचो. फोटोग्राफमध्ये तो 'फो'वरच असतो, पण फोटोग्राफीत तो सरकून दुसऱ्या अक्षरावर जातो, शब्द जवळजवळ 'फटॉग्रफी' होतो. शब्दकोशात शब्दाच्या उच्चाराशेजारी एक बारीक उभी रेघ असते. जोराचं अक्षर त्या रेघेच्या लगेच पुढं असतं. शाळेत कॉलेजात इतके शब्दकोश हाताळले, त्या रेघेबद्दल कोणी सांगितलं नव्हतं. मला वाटतं, पाचवीच्या पहिल्या तासाला सांगावी अशी ती गोष्ट आहे.

वाक्याचंही तसंच. आमच्याकडं हरिपाठाला टाळ वाजतात. दोन ठोक्यांमध्ये शब्द कमी असोत की जास्त, टाळ आपल्या जागी पडतो. 'द टेम्पल वॉज कट फ्रॉम द टॉप.' कैलास वरून खाली कोरत आणला, हे सांगणारं वाक्य. टाळ तीनच: टेम्पल, कट, टॉप. 'वॉज', 'फ्रॉम', 'द' मधल्या फटीत बसवायचे. मी सातही शब्द सारख्या वजनानं म्हणायचो, म्हणून ऐकणाऱ्याला महत्त्वाचं काय ते हाती लागायचं नाही.

हे कानात बसलं ते वडिलांच्या रेडिओवर. व्हॉइस ऑफ अमेरिका 1959 पासून 'स्पेशल इंग्लिश' नावाचा कार्यक्रम देत असे. सुमारे 1500 सोपे शब्द, छोटी वाक्यं आणि नेहमीच्या बातम्यांच्या दोन तृतीयांश वेग. मी ऐकायचो आणि त्यांच्या पाठोपाठ म्हणायचो. हळू बोलूनही माणूस अडाणी वाटत नाही, हा धीर मला तिथं मिळाला.

सुट्या उच्चारांत मला दोनच महत्त्वाचे वाटतात. एक, व. 'व्होल्कॅनिक'चा व्ह म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकवा, 'वॉल'चा व म्हणताना ओठ गोल करा आणि दात लावू नका. मराठी लिहिताना आपण हा फरक पाळतोच, बोलताना विसरतो. दुसरा, प. 'पिलर' आपण म्हटलं की इंग्रज कानाला कधी कधी 'बिलर' ऐकू येतं. शब्दाच्या सुरुवातीला त्यांच्या प, ट, क मधून हवेचा झोत निघतो, आपण फळ म्हणताना निघतो तसा. ओठांसमोर कागदाचा कपटा धरा. 'पिलर' म्हटल्यावर तो हलला पाहिजे. 'चिझल'मधल्या झ साठी मात्र मला कष्ट पडले नाहीत. आजोबा निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकलेले. 'ज़मीन' आणि 'जमीन' वेगळं म्हणायला त्यांनी लहानपणीच शिकवलं होतं.

अमेरिकन ढंगात बोलायला शिकवणाऱ्या क्लासांवर पैसे घालवू नका, असं मी पोरांना कळकळीनं सांगतो. माझ्यासमोर थायलंड, कोरिया, फ्रान्सची माणसं असतात. इंग्रजी त्यांचीही शिकलेलीच भाषा. माझ्या बोलण्यात मराठवाडा ऐकू आला तर त्यांचं काही अडत नाही. जोर चुकला, दम न घेता बोललो, तर अडतं.

आणि 'समजलं का?' असं विचारणं मी सोडून दिलंय. त्यावर सगळे हो म्हणतात. त्या दोघांनीही मान डोलवली होती. आता विचारतो, "आपण कुठल्या लेण्यात भेटणार?" त्यांच्या तोंडून आकडा ऐकला की मगच पुढं जातो.

मंगळवारी वेरूळची लेणी बंद असतात, त्या दिवशी मी घरीच असतो. या. येताना कागदाचा एक कपटा आणा.